सातव्या बशीतले बुडबुडे

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

परवा फोनवर तुझं 'काय? काय?' आणि माझं 'साबण, अगं साबण' असं दहा मिनिटं चाललं. शेजारच्या मेजावरचा उंट हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. (उंट म्हणजे माझा सहकारी. मान लांब आहे आणि आठवण केली नाही तर दिवसभर जेवत नाही.) तेव्हा तुझ्या कानांनी राजीनामा दिलाय हे मान्य करू आणि पत्रं लिहू.

सांगत होते ते असं. प्रयोगशाळेत भांडी धुवायचं जे द्रावण आहे त्यानं माझ्या हातांची चाळण झाली आहे. दिवसाला साठ-सत्तर काचेच्या बश्या आणि नळ्या धुते मी. रबरी हातमोजे घातले तर पुरळ उठतं, नाही घातले तर बोटांना भेगा पडतात. तुझ्या साबणाच्या चार वड्या पाठव. बाजारातला एकही सोसत नाही. साबणवालीची भाची असल्याची शिक्षा, दुसरं काय.

आणि तू विचारलंस, चार वर्षं मी इथं नक्की काय शिजवतेय. तर ऐक. पृथ्वीवर एके काळी नुसते दगड, पाणी आणि वायू होते. गवताची काडी नव्हती. मग कुठंतरी, कसंतरी, त्या निर्जीव ऐवजातून जिवंत काहीतरी झालं. कसं, ते कुणालाच नीट माहीत नाही. मी त्यातला एकच छोटा तुकडा धरलाय. जिवाला आधी आत आणि बाहेर असं काहीतरी लागतं. एखादी पातळ पिशवी, जिच्या आत आपलं आणि बाहेर जगाचं. अशा पिशव्या तेलकट पदार्थांच्या बनतात. तर तो तेलकट पदार्थ कुठल्याही झाडाच्या, जनावराच्या मदतीशिवाय, नुसत्या वायूंपासून तापलेल्या लोखंडाच्या भुकटीवर होईल का, आणि पाण्यात सोडला तर आपोआप पिशव्या बांधेल का, हे मी बघते. बारा बश्या आहेत. अकरा बश्यांत माझ्या भट्टीतून निघालेलं घालते. बाराव्या बशीत नुसतं पाणी, तुलनेसाठी. तिला आम्ही कोरी बशी म्हणतो. रोज वाळवायचं, रोज भिजवायचं. चौदा महिने झाले, एक बुडबुडा नाही.

२० एप्रिलला समिती बसणार आहे. तोवर काही दिसलं तर पुढची तीन वर्षं मिळतील, नाहीतर मेज रिकामं करायचं. या वयात मला दुसरीकडं कोण दारात उभं करणार? फार भीती वाटते, आत्या. हे आईबाबांना सांगू नकोस.

तुझी
भुंगा


१४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

चार वड्या मागितल्यास, नऊ पाठवते आहे. या फक्त तुझ्यासाठी केलेल्या वेगळ्या घाण्यातल्या आहेत. एरवी मी कॉस्टिक सोडा असा मोजून घालते की कढईतल्या सगळ्या तेलाचा साबण होऊन जावा. या घाण्यात खोबरेल तेल मुद्दाम जास्त ठेवलंय. ते तेलच राहतं, आणि हात धुतले तरी कातडीवर पातळ थर धरून बसतं. तुझ्या भेगांना तेच हवंय. पंधरा दिवसांत हात आधीसारखे झाले नाहीत तर मला साबणवाली म्हणू नकोस.

'या वयात' म्हणे. तुझ्या वयात मी नवऱ्याशी भांडून ही कढई विकत घेतली होती. चौदा महिन्यांत बुडबुडा नाही म्हणून रडतेस, पृथ्वीला किती वर्षं लागली ते तूच मला सांगितलं होतंस. तुमची समिती म्हणजे 'पी हळद नि हो गोरी'.

पण तुझं पत्र वाचून एक गोष्ट आठवली, ती सांगते. तुझे आतोबा गेले त्या कागदावर चार वाजून दहा मिनिटं असं लिहिलंय. मी तिथंच होते, हात धरून. चार दहाला काहीच झालं नाही गं. बोलणं सकाळीच थांबलं होतं. श्वास कधी थांबला ते मला कळलं नाही, कारण तो आधीपासूनच थांबत थांबत चालला होता. हात त्यानंतरही बराच वेळ उबदार होता. मी डॉक्टरांना विचारलं, नक्की कधी? ते म्हणाले, काहीतरी वेळ लिहावीच लागते.

तेव्हा मला कढई आठवली. लाज वाटली, पण आठवली. तेल आणि कॉस्टिकचं पाणी ढवळत बसायचं. आधी ते तेल असतं, शेवटी साबण असतो. मधल्या कोणत्या मिनिटाला साबण झाला, ते मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही. तू सुरुवात शोधतेस, मी शेवट पाहिला. मला तर रेघ कुठं दिसली नाही. तुला दिसली तर कळव.

हात जप.
आत्या


२७ मार्च

आत्या,

आले. बुडबुडे आले.

सातव्या बशीत. तिच्यातलं पाणी मी या वेळी जरासं आंबट ठेवलं होतं. मंगळवारी बघते तर पाणी दुधाळ झालेलं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर बुडबुडेच बुडबुडे. एक-दोन नाही, शेकडो. गोल, पातळ कातडीचे, आत पाणी. नव्यानं भिजवलं की काही लांबट होतात, आणि बशीला हलकी टिचकी मारली की एकाचे दोन. उंटानं पाहिलं आणि तो जेवायला गेला, स्वतःहून. यावरून काय ते समज.

ते जिवंत नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर गावभर करशील. ते खात नाहीत, त्यांना काही लक्षात राहत नाही, पिल्लाला आईसारखं व्हायचं असतं हे त्यांना ठाऊक नाही. पण आत आणि बाहेर त्यांना आहे. निर्जीव ऐवजानं स्वतःभोवती कुंपण घातलं आणि मी ते पाहिलं.

एक तपासणी राहिलीय. हे तेलकट रेणू म्हणजे कड्यांच्या साखळ्या असतात. एकेका साखळीत किती कड्या ते मोजायचं यंत्र दुसऱ्या गावी आहे आणि तिथं रांग आहे. माझा नंबर जूनमध्ये. समिती म्हणाली, तोवर चित्रं दाखवा, पुरे.

हात बघशील तर ओळखणार नाहीस. एक भेग उरलेली नाही. ते द्रावण मी केव्हाच बंद केलं, बश्यासुद्धा तुझ्याच वडीनं धुते. काय लखलखतात! उंटही तीच वापरतो. अजून चार वड्या पाठवशील?

तुझी
भुंगा


४ एप्रिल

चि. भुंग्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. आनंद झाला. दोनदा वाचलं.

सध्या घाई आहे, जास्त लिहीत नाही. दोनच प्रश्न, सहज. बश्या धुतल्यावर गरम पाण्यानं खंगाळतेस की गार? आणि किती वेळा? उत्तराची घाई नाही. समिती पार पडली की सांग, आधी डोक्याला ताप नको.

वड्या सध्या शिल्लक नाहीत.

आत्या


२३ एप्रिल

प्रिय आत्या,

तीन वर्षं! अकरा माणसं बसली होती आणि अकराही जणांनी हात वर केला. आमच्या मुख्य बाई, ज्यांना मी चार वर्षांत हसताना पाहिलं नाही, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चांगलीच लागली.

आणि एक गंमत सांगायचीय. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, तुमच्या बुडबुड्यांत पुढं पुढं भर पडत गेली, तर कोणत्या क्षणी तुम्ही त्यांना जिवंत म्हणाल? मी दोन वाक्यं अडखळले आणि मग तुझी कढई सांगितली. म्हटलं, माझी आत्या साबण करते, आयुष्य त्यात गेलं, पण तेलाचा साबण कोणत्या मिनिटाला झाला ते तिला सांगता येत नाही. आणि म्हणून साबण होत नाही असं कुणी म्हणत नाही. ते गृहस्थ म्हणाले, तुमच्या आत्याबाईंना आमचा नमस्कार कळवा. तो हा कळवला. त्या क्षणी मला तुझा फार अभिमान वाटला.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: गार पाण्यानं, दोनदा. गरम पाण्याचा नळ डिसेंबरपासून बिघडलाय. का गं?

तुझी
भुंगा


२ मे

भुंग्या,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. पहिलं ५ एप्रिलला लिहिलं होतं. तिकीट लावलं, टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. ते इतके दिवस वजनांच्या डब्याखाली होतं, सोबत जोडलंय.

तुझे बुडबुडे माझे आहेत. तुझ्यासाठी ज्या वड्या केल्या त्यांत जास्तीचं तेल होतं. ते हातावर थर धरतं, तसं काचेवरही धरतं. गार पाण्यानं दोनदा काय, वीसदा खंगाळलं तरी हलत नाही. बश्या लखलखतात असं तू लिहिलंस तेव्हाच मला शंका आली, कारण लखलखतं ते तेल. खात्री करायला मी लगेच सहा काचेच्या बश्या त्याच घाण्यातल्या उरलेल्या एका वडीनं धुतल्या, गार पाण्यानं खंगाळल्या, साधं पाणी भरलं, व्हिनेगरचे दोन थेंब टाकले आणि आठवडाभर वाळवल्या, भिजवल्या. तुझं यंत्र माझ्याकडं नाही. पण पाणी दुधाळ झालं. तीन बश्यांत चांगलंच.

म्हणजे समितीच्या आधीच मला कळलं होतं. 'समिती पार पडली की सांग' हे मी मुद्दाम लिहिलं. आधी तुला तीन वर्षं मिळू देत, मग पुढचं पुढं, असं मी मनाला सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या बापानं तुला शिकवलं, मी फक्त साबण दिला, आणि त्या साबणानंच तुझा घात केला, हे मला लिहवेना.

तुझं पत्र आलं नसतं तर कदाचित अजूनही गप्प बसले असते. पण अकरा माणसांसमोर तू माझं बोलणं सांगितलंस, आणि कुणा भल्या माणसानं मला नमस्कार धाडला. तो मला घेता आला नाही. त्या दिवसापासून कढईजवळ जाववत नाही.

आता काय करायचं ते तू ठरव. मला सांगायचा अधिकार राहिलेला नाही.

आत्या


२० जून

आत्या,

सात आठवडे मी उत्तर दिलं नाही, कारण जे लिहीत होते ते पाठवण्यासारखं नव्हतं.

परवा साखळ्या मोजून आल्या. बारा, चौदा, सोळा कड्या. अकरा नाही, तेरा नाही, पंधरा नाही. झाडं आणि जनावरं तेल बनवताना दोन-दोन कड्या जोडतात, म्हणून त्यांच्या साखळ्या समच भरतात. लोखंडावर वायूंपासून आपोआप झालं असतं तर सम-विषम सगळं सारखंच निघालं असतं. तेव्हा तुझंच खरं. सातव्या बशीत पृथ्वीची सुरुवात नव्हती. नारळाचं झाड होतं.

मी निकाल यायची वाट पाहिली नव्हती. तुझं पत्र मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी मुख्य बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "साबणानं? तुम्ही?" एवढंच. पहिल्या वर्षाच्या मुलीनं हे केलं असतं तर मीच तिला झापलं असतं. समितीनं तीन वर्षं परत घेतली. सप्टेंबरअखेर मुदत दिलीय, तीही बाईंनी शब्द टाकला म्हणून. आता सगळी काच भट्टीत तापवून घेतो आणि साबण कुणी शिवत नाही. हात पुन्हा फाटलेत.

मी तुझ्यावर रागावले आहे. ५ एप्रिलचं ते पत्र आलं असतं तर अकरा माणसांसमोर मी मिरवले नसते. तू मला जिंकवायला निघालीस आणि तोंडावर पाडलंस. हे सगळं मी उंटाला ऐकवलं, रोज. तो बिचारा मान हलवत राहिला.

आता दुसरं. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, उंटालाही नाही. मार्चच्या शेवटी मी कोरी बशी बघितली होती. जिच्यात नुसतं पाणी. तिच्यात बुडबुडे होते. तीन. मोजले मी. आणि स्वतःला म्हटलं, सातव्या बशीतलं पाणी उडालं असेल. मग बशी पुसली, नवं पाणी भरलं आणि वहीत लिहिलं: कोरी बशी, काही नाही. त्याच दिवशी संध्याकाळी तुला ते आनंदाचं पत्र लिहिलं.

तेव्हा तुझं पत्र वेळेवर आलं असतं तर मी काय केलं असतं? समितीच्या आधी उघडलं असतं का? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तू पत्र दडवलंस, मी बशी पुसली. घराण्यातच आहे म्हणायचं.

भुंगा


२९ जून

चि. भुंग्यास.

रागाव. पुरेपूर रागाव, मला चालेल. उत्तर आलं हेच खूप झालं. पोस्टमन दिसला की मी दारामागं जाऊन उभी राहायची.

पण ते घराण्याचं मला पटलं नाही. दोन्ही सारखं नाही. तू स्वतःला फसवलंस, मी तुला फसवलं. माझं पाप मोठं आहे आणि ते मलाच राहू दे, त्यात वाटेकरी होऊ नकोस. तुझं जे आहे ते मात्र मुख्य बाईंना सांग. तीन बुडबुडे आणि पुसलेली बशी. मूठ उघडायचीच तर सगळी उघड. आधीच मोडलेलं आहे, आणखी काय मोडणार?

कढई पुन्हा चढवलीय. काम सोडून बसणं मला जमत नाही.

आत्या


२८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बशीचं जुलैमध्येच बाईंना सांगितलं. त्यांनी मला वही आणायला लावली, त्या ओळीवर रेघ मारून खरं लिहायला लावलं, तारीख घातली आणि शेजारी सही केली. मग म्हणाल्या, "आता कामाला लागा." गेले तीन महिने आम्ही तेच केलं. प्रत्येक बशी भट्टीतून काढलेली, चिमट्यानं उचललेली. बुडबुडे एकदाही आले नाहीत. परवा ३० तारखेला मेज रिकामं करायचंय. खोकी आणून ठेवलीत.

चौथ्या बशीत ऑगस्टपासून पाण्यावर एक पुसट तवंग येत होता. दिसायलाही धड नाही, आपण चहावरची साय फुंकून टाकतो तेवढाही नाही. बाईंनी ओळख वापरून तो मोजायला पाठवला. आज दुपारी कागद आला.

अकरा आहे, आत्या. बारा आहे, तेरा आहे, चौदा आहे. पंधराही आहे, अगदी थोडं. सगळं ओळीनं, कड्यांचा एकही आकडा न गाळता. कोऱ्या बशीचंही पाठवलं होतं, तिच्यात काही नाही.

ते जिवंत नाही. पिशवी नाही, आत-बाहेर नाही, नुसता मळ आहे. पण तो मळ कुणा झाडानं केलेला नाही, कुणा जनावराचा नाही, तुझ्या-माझ्या हाताचा नाही. तो आपला आपण झाला. मी कागद घेऊन जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. उंट येऊन शेजारी बसला.

हा कागद अजून कुणाला दाखवलेला नाही. कागदाची एक नक्कल सोबत आहे, आणि काच तापवण्यापासून तवंग काढण्यापर्यंत आम्ही काय काय केलं ते पाच पानं भरून लिहिलंय. तेल कुठून कुठं शिरतं हे तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. नीट वाच, सावकाश वाच. कुठं जरा जरी शंका आली तर त्याच क्षणी फोन कर. ऐकू आलं नाही तरी चालेल, तू फक्त बोल, मी ऐकेन. काही खोट नसेल तरी फोन कर. पत्र पोचायला आणि तुझं वाचून व्हायला चार दिवस लागतील, तोवर ३० तारीख निघून जाईल. जाऊ दे. तुझा फोन आल्याशिवाय मी बाईंच्या खोलीचं दार वाजवणार नाही.

तुझी
भुंगा